घसरलेल्या अकरा ओळी

नकाशावर ती रेघ तांबडी आहे.
जमिनीवर तिला रंग नाही.
एक कोरडा चर, काठाला बाभळीसारखी काटेरी झुडपं,
आणि त्याच्या पलीकडे, जिथे नसायला हव्यात तिथे,
सेकोंदीना मारेन्कोच्या बार्बेराच्या अकरा ओळी.

मी उत्पादक संघाकडून गेले होते.
मोजणीचं यंत्र, रबरी बूट, दोन प्रतींत भरायचा फॉर्म.
द्राक्ष रेघेच्या आतलं असेल
तर बाटलीच्या गळ्याला आकड्यांची पट्टी मिळते,
या टेकड्यांचं नाव मिळतं.
बाहेरच्या वाईनला म्हणायचं नुसतं 'लाल'.

मार्चमध्ये वरचं बर्फ एकदम वितळलं
आणि टेकडीने रात्रीत कूस बदलली.
निळ्या चिकणमातीवरून ओळी उभ्याच्या उभ्या खाली आल्या,
खांब, तारा, चौथ्या खांबावरची प्रिमोची टोपी,
सगळं घेऊन, चाळीस मीटर.
सतरा वेली मोडल्या.
बाकीच्यांनी मे महिन्यात पानं काढली.

प्रिमो म्हणजे पहिला, सेकोंदीना म्हणजे दुसरी.
"नावातच ठरलं होतं," ती म्हणाली,
"आधी कोणी जायचं ते."
टोपी तिने अजून काढलेली नाही.

यंत्राने आकाशात उपग्रह शोधले,
थोडा विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं: बाहेर.

"रेघ मारणारा मला आठवतो," ती म्हणाली.
"सासूबाईंनी त्याला जेवू घातलं.
रावियोली तीनदा मागून घेतली त्याने,
मग डोळे मिटायला लागले, म्हणून चरापाशीच थांबला.
पोट जरा बरं असतं
तर तुमची हद्द नदीपर्यंत गेली असती."

मी हसले नाही. कामावर होते.

"आणि हे बघ,
मी वरच्या गावातून लग्न करून इथे उतरले.
नगरपालिकेच्या वहीत आजही मारेन्कोच आहे.
बाई खाली आली म्हणून तिचं नाव खोडलं नाही कोणी.
या तर आपली मातीही पायाशी घेऊन आल्यात."

फॉर्मवर दोनच चौकोन होते: आत, बाहेर.
'चालत आली' असा चौकोन नव्हता.
मी पेन बराच वेळ हातात धरलं,
मग जे भरायचं ते भरलं.
तिने सही केली, आडनाव आधी,
शाळेत शिकवतात तसं, एकेक अक्षर सुटं.

मग पिंपातून दोन पेल्यांत ओतली.
चव घेणारी समिती वेगळी असते, माझं मत कोणी विचारत नाही.
आंबट चेरी होती.
मागून ओल्या पाटीचा वास,
आणि शेवटी जिभेच्या कडेला एक कडवटपणा
जो लवकर गेला नाही.
ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती,
कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत होती.

निघताना तिने एक बाटली गाडीत टाकली.
लेबल नाही. खांद्यावर खडूने ११.

उतरणीचा रस्ता त्या रेघेला सात वळणांत सात वेळा छेदतो.
शेजारच्या सीटवर यंत्र चालूच राहिलं होतं.
बाटली डावीकडे गडगडली: आत.
उजवीकडे: बाहेर.
पुन्हा आत.
मी दोघांनाही थांबवलं नाही.