आठेच

एकतीस वर्षं एकच प्रश्न विचारत आलो:
कुठं जायचं?
शहादा, दोंडाईचा, नंदुरबार, सुरत.
सुट्टे द्या. मागे सरका. टिंग टिंग.
मला कुणी कधी विचारलं नाही.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीही
पावणेचारला डोळे उघडलेच,
पहिल्या गाडीच्या सवयीनं.
खाकी घालायची नव्हती.
पडून राहिलो, उठलो, पाणी प्यालो,
मग मागचं दार उघडलं.
घराला मागचं दार आहे हे मला माहीत होतं,
घरपट्टीच्या पावतीवरचा नंबर माहीत असतो तसं.

उकिरड्यापलीकडे
जिनिंगची पडकी भिंत,
तिच्या कडेनं बाभळींत शिरलेली एक वाट.
शेळ्यांनी पाडलेली,
एका शेळीच्या रुंदीची.
मैलाचा दगड नाही, फाटा नाही,
विनंती थांबासुद्धा नाही.
मी मात्र थांबलो तीनदा.
एकदा काटा काढायला,
दोनदा नुसताच.

दुसऱ्या आठवड्यात पाटाची कड सापडली.
पपईच्या बागेत माणसं शेकोटीभोवती उकिडवी,
पपया वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
दिल्लीच्या ट्रकची वाट बघत.
एकानं चहा दिला. पैसे काढले तर हसला,
म्हणाला, कंडक्टरभाऊ,
मनी हाफ तिकिटं इसरी गयात का?
(उंची चोरून बसायचा हा, दोंडाईच्याच्या शाळेत जाताना.)

आणि मग त्या घळी.
पिवळ्या मातीच्या, पुरुषभर खोल,
पावसाळ्यांनी कोरत कोरत नदीपर्यंत नेलेल्या.
आत शिरलं की गाव ऐकू येत नाही.
भिंतीत वेड्या राघूंची बिळं,
हात लावला तर माती पिठासारखी हातावर.
एवढं सगळं
माझ्या न्हाणीघरापासून सातशे पावलांवर.
सातशे बारा. मोजायची सवय जात नाही.

तापी मी पुलावरून
दिवसातून चारदा ओलांडली असेल,
दर वेळी मान खाली, हातात चिल्लर.
माझ्या हिशेबात ती
सहा किलोमीटरच्या एका टप्प्याचा मधला तुकडा.

घळ संपते तिथं जुना घाट.
बॅरेजनं पाणी अडवल्यापासून
पायऱ्या अकराच दिसतात.
उखर्डू कोळी बाराव्या पायरीत पाय सोडून
जाळं सोडवत बसलेला.
कथा चालनात, भाऊ?
एकतीस वर्षांनी कुणीतरी विचारलं
आणि मला उत्तर येईना.
म्हटलं, आठेच. फिरायला. रस्ता संपला ना इथं.
संपना कोठे? तो म्हणाला,
रस्ता शे ना भो, पानीखाल शे,
थेट त्या काठलोंग.
आम्ही दोघं पाण्याकडे बघत राहिलो.
पाणी राखाडी, स्वस्थ.
मधून एक बुडबुडा.

घरी येऊन कोकिळाला सांगितलं, सगळं,
शोध लावल्याच्या थाटात:
उद्या चल, मी दाखवतो.
ती आली. चपला हातात घेऊन,
माझ्या पुढे.
बाभळीचं वळण मी सांगण्याआधी वळली,
घळीत जिथं वाकावं लागतं तिथं वाकली,
आणि काठावरच्या एका झुडपात, न बघता,
हात घालून
चार बोरं काढली.

मी विचारलं, तुला कसं…
तुमनी सुरतनी मुक्कामी गाडी राहे, ती म्हणाली,
रात लंबी राहे.
पहाटले आठेच तर येत व्हतू मी.

बोरं आंबट होती.
बिया किती वेळ तोंडात घोळवत
आम्ही अकराव्या पायरीवर बसलो.
पलीकडे पुलावरून
सहा दहाची गाडी गेली,
तिच्यात दिवे होते.
मी वेळ बघितली नाही,
तिनंच सांगितली.