पंच्याहत्तर टक्के

बाहेर उणे सत्तावीस.
सायमा सरोवरावरून लोक गाड्या नेताहेत.
आत रेडिएटर रात्रभर कुरकुरतो
आणि खोलीतलं पाणी पिऊन टाकतो.
माझ्या पेरांना भेगा. टेबलाचा सांधा उघडलाय.

फक्त खिडकीपासून लांबच्या भिंतीला
एक काचेची पेटी,
तिच्यात सूरीनाममधल्या कुठल्याशा ओढ्याकाठची सकाळ
मी चार वर्षं मोडू दिलेली नाही.
तळाला भाजक्या मातीचे गोळे, वर जाळी,
जाळीवर माती, मातीवर ओकची वाळकी पानं,
पानांखाली टाचणीच्या टोकाएवढे किडे
जे घाण खातात आणि कुणाला सांगत नाहीत.
त्यावर दोन बेडूक.
दौत लवंडावी तसे निळे.
विषारी म्हणून नाव, पण ते विष तिकडच्या मुंग्यांचं;
इथं फळमाश्या खाऊन
ते माझ्याइतकेच निरुपद्रवी झालेत.

एन्सिओ, लोक विचारतात, हे कुठं शिकलास?
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत होतो, तिसऱ्या यंत्रावर.
कागद जास्त सुकला की कडकडतो,
कमी सुकला की फाटतो,
आणि फाटला की मोटारीच्या वेगानं धावणारी पांढरी नदी
छतापर्यंत उसळते.
आमचा फोरमन तौनो हवा गालानं ओळखायचा.
मी बोटांनी.
मग आकडे आले,
मग आकड्यांनीच सांगितलं, गिरणी परवडत नाही.

तेव्हा आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवायला नको होता.

काचेला चिकटवलेला हायग्रोमीटर
नोव्हेंबरपासून म्हणत होता, चौऱ्याऐंशी.
चौऱ्याऐंशी चांगले. चौऱ्याऐंशीला कुणी हात लावत नाही.
आणि करवंटीखाली घातलेली अंडी
जुन्या चष्म्याच्या काचेसारखी धुरकट झाली,
मग सुरकुतली.
तीन वेळा.
साइला फोनवर म्हणाली,
"बाबा, कुठंतरी पाणी मुरतंय."
म्हटलं, पोरी, तेच तर. कुठंच मुरत नाहीये.

शेवटी जुनी युक्ती.
बाटलीच्या झाकणात मीठ,
त्यावर थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूइतपतच,
झाकण आणि हायग्रोमीटर एका पिशवीत बंद,
रात्रभर स्वयंपाकघरातल्या फळीवर.
बंद हवेत ओलं मीठ
पंच्याहत्तरवर येऊन थांबतं.
सूरीनाममध्येही. इथंही.
सकाळी आकडा: ब्याण्णव.
सतरा टक्क्यांची थाप!
खाल्ल्या मिठाला न जागणारे लोक मी पाहिलेत,
दोघं तर एकाच केबिनमध्ये बसायचे,
पण रात्रभर मिठाच्या कुशीत झोपून
सकाळी असं बोलणारं यंत्र
पहिलंच.

चौऱ्याऐंशी वजा सतरा. सदुसष्ट.
बेडूक तोंडानं पाणी पीत नाही,
पोटाच्या कातडीनं पितो.
तहान लागली तर ओरडत नाही,
ओल्या पानाला आणखी चिकटून बसतो.
बसले होते. दोन महिने.
मी त्याला समाधान समजलो.

आता झाकणाच्या जाळीवर काच सरकवलीय,
दोन तृतीयांश. पूर्ण नाही;
पूर्ण झाकलं तर पानं कुजतात, हवा शिळी होते,
हे गिरणीतही कुणी ऐकत नसे.
रानातून घसरगाडीवर बादलीभर बर्फ आणतो,
वितळवतो, खोलीइतका कोमट होऊ देतो,
मग सकाळ-संध्याकाळ फवारा.
फिनलंडचा बर्फ त्यांच्या पाठीवर
तिकडचा पाऊस होऊन पडतो.
त्यांना काय सांगायचं.

हायग्रोमीटर खणात.
त्याच्या जागी एक पट्टी लावलीय,
आमच्या यंत्रावरच्या शेवटच्या रिळातली,
जी मी खिशात घालून फाटकाबाहेर पडलो होतो.
सुकली की ताठ उभी राहते,
दमट झाली की मान खाली घालते.

काल करवंटीखाली टॉर्च मारला.
एका अंड्यातला काळा स्वल्पविराम
कूस बदलत होता.

साइला विचारते, आज किती?
मी म्हणतो,
कागद वाकलाय.