नमुना चौदा

बोरामणीच्या माळावरून चंद्रव्वा पानं आणते,
ओल्या फडक्यात बांधून, एसटीनं.
कंडक्टरनं विचारलं तर
"शेळीला" म्हणते.

सावलीत वाळवायची, उन्हात नाही.
एप्रिलच्या सोलापुरात एवढी सावली
कुठून काढायची?
शेवटी आईच्या विड्यांच्या सुपाशेजारी
जुन्या धोतरावर पसरली,
तेंदूच्या पानांपासून हातभर लांब.
आईनं एक उचललं, अंगठ्यानं शीर चाचपली,
"ह्यात तंबाखू थांबत नाही," म्हणाली.
चाळीस वर्षं पानं कापणाऱ्या बोटांना
दुसरा प्रश्न सुचत नाही.
मलाही एकच सुचतो:
ह्यात ताप थांबतो का?

चौदावा नमुना तरवडाचा.
दळून तीन दिवस मिथेनॉलात,
मग गाळून, आटवून
बशीच्या तळाशी उरतो हिरवा-काळा चिकटा,
कढईच्या कडेला करपलेल्या गुळासारखा.
गाठोडंभर पानांचा
चमचाभर.

जंतूंचं मात्र माहेरपण.
त्यांना माणसाचं रक्त लागतं, ओ गटाचं;
ब्लड बँकेतले चिलवेरी
मुदत सरलेली पिशवी बाजूला ठेवतात.
त्यांना सदतीस अंश लागतात, नेमके सदतीस,
बाहेर त्रेचाळीस असताना.
आणि प्राणवायू लागतो, पण थोडा.
त्या यंत्राचं अनुदान आलं नाही,
म्हणून काचेच्या बरणीत
बश्यांशेजारी मेणबत्ती लावायची,
झाकण सरकवायचं, तोटी उघडी ठेवून बघत राहायचं.
ज्योत बारीक होते, निळी होते,
जाता जाता एकदा मान वर करते.
त्या क्षणी तोटी बंद.
दिवा विझल्यावर ज्यांचं बरं चालतं
असले पाहुणे.

दोन दिवसांनी काचपट्टी, जांभळा रंग.
पेशीत बसलेला जंतू
खड्याच्या अंगठीसारखा दिसतो.
सराफासारखं मोजत जायचं.
चौदाच्या पट्टीवर एकही अंगठी नव्हती.
हजार पेशी मोजल्या. परत हजार.
पाणी प्यायले, परत हजार.
गुंडेटी सरांना फोन केला
तेव्हा माझा आवाज माझा नव्हता.
ते एवढंच म्हणाले, "कोरी बघितलीस?"

कोरी म्हणजे जिच्यात पान नाहीच.
तिच्यातही अंगठी नव्हती.

रविवारी दुपारी अडीच तास लाईट गेली होती.
गल्लीतले माग गप्प झाले,
मला बरं वाटलं, मी डोकं धुतलं.
तेवढ्यात तिकडं बंद खोलीत, बंद पेटीत
काटा चढत चढत बेचाळीसवर.
तरवडानं नाही मारलं,
सोलापूरनं मारलं.

वहीत हे एका ओळीत येतं.
मी तीन ओळी घेतल्या, दोन खोडल्या.

पुढच्या गुरुवारी चंद्रव्वा आली,
एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात नातू,
कांबळ्यात गुंडाळलेला, त्या उकाड्यात.
एक दिवसाआड हुडहुडी, म्हणाली.
"तुझं ते चौदा झालं का गं? दे की ह्याला."
मी रिक्षा केली. सिव्हिलला तास बसलो.
तिथल्या पोरानं सुई टोचली, थेंब पसरला,
मी न विचारता त्याच्या मायक्रोस्कोपाला डोळा लावला.
होत्या. भरपूर होत्या.
गोळ्या मिळाल्या, पिवळ्या कागदावर वेळा लिहून.

व्हरांड्यात ती बराच वेळ गोळीकडं बघत होती.
"पानं माझी, पोर माझं,
आणि तू मला इथं आणलीस.
मग इतके दिवस करतीस काय?"
"अजून ठाऊक नाही," म्हटलं.
खोटं बोलणं सोपं गेलं असतं,
तिच्यासाठीसुद्धा.
ती रागावली असेल.
गाठोडं मात्र माझ्या मांडीवर ठेवलं
आणि पोराच्या तोंडाला पाणी लावलं.

धोतर परत अंथरलं.
आईनं सूप न बोलता सरकवलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात मेणबत्त्या घेते.
दुकानदार विचारतो,
लाईट गेली का तुमच्याकडं?
नाही, म्हणते,
अजून तरी नाही.