रिकाम्या वाघिणी

कोस्तानायच्या मालवाहतूक कचेरीत
झाउरे फोनवर विचारते,
सप्टेंबरात किती वाघिणी लागतील गव्हाला?

सेरिकबाय म्हणतो, दोनशे.
म्हणजे एकशे तीस.
दर दोन वाघिणींमागे तो एक भीतीची जोडतो,
गेल्या साली वेळेवर न मिळाल्याची.
गिरणीवाली ल्युबोव्ह म्हणते, बघू.
म्हणजे तिला अजून भाव कळलेला नाही.
लिसाकोव्स्कचा नवा पोरगा आलेख पाठवतो,
रंगीत,
आणि त्यात दुष्काळच नाही.

अकरा वर्षांत तिने
माणसागणिक एक गुणक काढलाय.
तो कुठल्याच अहवालात जात नाही.

फक्त तोबोलच्या काब्देशचा गुणक एक.
चाळीस म्हणाला की चाळीस.
त्याच्याकडे दाणा सांडत नाही, आकडाही नाही.

आज काब्देश म्हणाला, नव्वद.

तिने पेन खाली ठेवलं.
पाऊस तर यंदा बेताचाच.
नवी जमीन घेतलीत?
नाही.
मग?

फोनमध्ये बराच वेळ नुसता स्तेपचा वारा.
मग तो म्हणाला,
डॉक्टर सांगतो पुढचा हंगाम धरू नका.
कोठारात तीन वर्षांचा गहू पडलाय,
भाव येईल म्हणून राखलेला.
पोरांच्या डोक्यावर तो कशाला ठेवू?

तक्त्यात कारणाचा रकाना असतो:
हवामान, निर्यात, बाजारभाव, इतर.
तिने नव्वद लिहिलं, जसंच्या तसं,
आणि 'इतर'वर बोट टेकवून
बाहेर पाहत राहिली.
यार्डात वाघिणी उभ्या होत्या,
झाकणं उघडी,
कुणाचं काय वाहायचंय
ते अजून न कळलेल्या.