गट क्रमांक सतरा

पांढरं फ्लॅनेल, मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
कडेला बांबूची काठी, काठीला सुतळी.
डल्व्हर्टनच्या वरच्या अंगाला, कमरेएवढ्या नेच्यातून
मी ते ओढत चालते.
दहा पावलं. थांबायचं, उलटं करायचं, मोजायचं.
लांबून बघणाऱ्याला वाटावं
कुणी परटीण वाट चुकून डोंगरावर आली
आणि धुतलेलं पुन्हा मळवत सुटली.

कापडावर खसखस.
खसखस चालू लागते.

गवताच्या टोकाशी हे असे उभे असतात,
पुढचे दोन पाय हवेत,
एसटीला हात दाखवणाऱ्या माणसासारखे.
आपल्या श्वासाचा वास त्यांना आधी कळतो.
आयुष्यात तीन जेवणं, बस्स,
मधले सगळे महिने उपास.
चिमट्यानं उचलून स्पिरिटच्या नळीत सोडते,
वर पेन्सिलीनं लिहिते तारीख, उतार, फाटक.
शाई स्पिरिटात पुसते, पेन्सिल टिकते.

अण्णा जतला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते.
बैलाच्या कानामागून गोचीड उपटायचे,
रॉकेलच्या डब्यात टाकायचे, टप्, टप्,
आणि गाईची लघवी तांबडी झाली की म्हणायचे,
"आता उशीरच झाला."
इथे त्या दुखण्याला रेडवॉटर म्हणतात.
रंग तोच.

रक्ताच्या पेशीत टोकाला टोक लावून बसलेले दोन थेंब.
गोचिडाला त्यांचा पत्ता नसतो.
कुणा गाईच्या रक्तातून आले,
मादीच्या पोटातून अंड्यांत गेले.
हजारभर अंडी घालून ती मरते,
आणि ज्या लेकीनं अजून कुणाला तोंडही लावलं नाही
तिच्या लाळेत आईचं देणं तयार.
ह्याला रोग म्हणावं की वारसा,
अहवालात तसा रकाना नाही.

डेन्झिल चगच्या कुरणाला चार फाटकं.
त्याच्या गाई आता मला बघून मानही वळवत नाहीत.
तो सत्तरीचा, ऑक्टोबर संपेपर्यंत अर्ध्या चड्डीत,
नडग्यांवर काटेरी झुडपांनी काढलेला नकाशा.
एकदा चहा देता देता शर्ट वर करून व्रण दाखवला:
एकोणिसाव्या वर्षी घोड्यानं लाथ घातली,
पानथरी काढून टाकावी लागली.
"तिच्यावाचून कधी काही अडलं नाही," म्हणाला.
माझा चहा हातातच निवला.

प्रयोगशाळेत दहा-दहाचे गट करतात.
एकेकटा तपासण्याइतका पैसा नाही,
म्हणून दहा जण एकत्र वाटून एकजीव.
गट क्रमांक सतरा उजळला.
म्हणजे दहांतला निदान एक.
कोणता, ते वाटणात गेलं.

धोका अत्यल्प, असं मीच लिहिलं, आणि ते खोटं नाही.
पंगतीतल्या तुपासारखा सगळ्यांना सारखा वाढला
की प्रत्येकाच्या पानात जेमतेम थेंब.
पण पंगतीत एक जण असा बसलाय
की त्याला तो थेंबही पचायचा नाही.
नळीवर पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात:
खालचं फाटक, चग.

संध्याकाळी गेले. बिजागरीला तेल घालत होता,
उघडे गुडघे नेच्यात रुतवून.
सांगितलं.
"दहांतला एक?"
"निदान एक."
"कोणता?"
"आता सांगता येणार नाही. तो उरलाच नाही."
"मग त्याचं काय घेऊन बसलीस?"

बसा म्हटलं. का कोण जाणे, बसला,
पालथ्या बादलीवर, शाळेतल्या मुलासारखा.
मी गुडघ्यावर टेकले, फोनचा टॉर्च लावला,
घोट्यापासून वर, मग गुडघ्यामागच्या वळीत
बोटांनी कातडी ताणून बघू लागले,
अण्णा बैलाचा कान दुमडायचे तसं.
तो गाईंकडे बघत राहिला,
पावसाबद्दल काहीतरी बोलला.

डाव्या पायाला खसखस होती.
एकच.
चालत नव्हती.