डेडस्टॉक

धरणगावच्या बंद जिनिंगमध्ये
बासष्ट सालच्या माघात
एक माणूस मेलेल्याला उठवत होता,
आणि त्याला लागणारं सामान
हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून
माझा बाप सायकलवर नेत होता.
सहा चंचुपात्रं, दोन चंबू, एक बकपात्र.
सही करून. फुटल्यास पगारातून कपात.

शेठ भुसावळचे, केळीच्या वॅगनी भरणारे.
एका हंगामात बरे पैसे सुटले
म्हणून पिच्चर काढायला निघालेले.
आकाशातली वीज पाहिजे,
तर लोकोशेडमधला वेल्डिंगवाला आणला.
धूर पाहिजे, तर ओली पऱ्हाटी पेटवली,
सगळं युनिट दोन दिवस खोकत होतं.
मेंदू पाहिजे.
मेंदूवर जरा अडलं.
मग बामणोदचं वांगं भाजलं, सोललं,
देठ काढून बरणीत सोडलं.
पाण्यात ते हळूहळू फिरायचं,
काहीतरी आठवत असल्यासारखं.

राक्षस म्हणजे पर्सी. इंजिनावरचा फायरमन,
सव्वासहा फूट. तोंडावर कळण्याच्या पिठाचा लेप,
लेपावर काजळाचे टाके.
दोन शॉटांच्या मध्ये माश्या बसायच्या
आणि त्याला हात हलवायची परवानगी नव्हती,
कारण तो अजून जिवंत झालेला नव्हता.

डॉक्टर भुजंग करणारा नट
चाळीसगावकडच्या नाटक कंपनीतला.
आवाज असा की पत्रे थरथरत.
पण पत्र्यांच्या आधी त्याचे हात थरथरत,
सकाळी दहाच्या आत तर फारच.
म्हणून हात माझ्या बापाचे घेतले.
पांढरा कोट, मनगटापर्यंत बाह्या,
वर वामन निंबा बडगुजर कुठेच नाही.

बापानं मोरचुदाचं निळं केलं,
परमँगनेटचं जांभळं, थेंब मोजून.
कॅमेरावाला हसला : भाऊ, याला रंग दिसत नाही,
गुळाचं पाणी ओता, चालतंय.
बाप म्हणाला, मला दिसतं ना.
आणि डोळा पातळीत आणून
खालचा काठ बघून
ओतलं.

सारंगखेड्याच्या जत्रेत तंबूत लागला तो.
दोंडाईचापर्यंत गाडीनं, पुढे बैलगाडीनं गेलो.
कनातीबाहेर घोडे खिंकाळत होते,
आत पर्सीचं नाक गळून पडलं
तेव्हा लोक पोट धरून हसले.
वांग्याला तर एकानं नावानिशी ओळखलं.
मग पडदाभर दोन हात आले.
काळं पाणी करड्या पाण्यात सोडत होते,
इतक्या सावकाश,
की बिड्या ओढणारे थांबले.
बाप माझ्या कानाशी म्हणाला,
त्या हात मना शेतस.
मागून आवाज आला, चूप बस ना भो!
तो चूप बसला.

शेवटी जिनिंग पेटतं, डॉक्टर आत राहतो.
मी रडायला लागलो. सात वर्षांचा होतो.
बापानं दोन्ही पंजे उघडून दाखवले :
भुईमुगाची टरफलं.

पिच्चर नंतर कुठे गेला कोण जाणे.
कोणी म्हणतं, फिल्म धुऊन चांदी काढली,
उरल्या पट्टीच्या बांगड्या झाल्या.
असेल. जळगावात बायांच्या हातांकडे
मी उगीच बघायचो, मार खाता खाता वाचलो.

शेवटच्या वर्षी धुळ्याच्या दवाखान्यात
बापाचे हात त्या नटासारखे झाले होते.
औषध मी मापात ओतायचो.
तो पडल्या पडल्या मान वाकडी करायचा :
खालचा काठ बघ.

पुढे त्याच शाळेत मला कारकुनी मिळाली.
कपाट आवरताना डेडस्टॉक रजिस्टर सापडलं,
वाळवीनं कडेचे आकडे खाल्लेलं.
माघातली नोंद शाबूत होती,
त्याच्या उभट, न हललेल्या अक्षरात :

चंबू, मोठा, नग एक. परत आला नाही.
कपात रुपये दोन, नये पैसे वीस.
कारण : मेलेला माणूस उठताना स्फोट.

खाली हेडमास्तरांची सही,
आणि तांबड्या शाईत
मंजूर.