शंभर वॉट

कुवेतच्या शुक्रवार-बाजारात
पस्तीस दिनारला घेतला हा अ‍ॅम्प्लिफायर.
विकणारा इजिप्शियन म्हणाला, शंभर वॉट, वल्ला,
आणि जेवण झाल्यावर पोटावर मारतात तशी
झाकणावर थाप मारली.
साडेतेरा किलो. फरवानियापर्यंत
टॅक्सीत मांडीवर घेऊन आलो,
परक्याचं मूल घेतात तसं, अवघडून.

परकार आला मीटर घेऊन.
मूळ चिपळूणचा, इथे लिफ्ट दुरुस्त करतो,
मोजल्याशिवाय कशालाच हो म्हणत नाही.
तारा जोडल्या, सतार लावली. म्हणाला, बघ.
खोली काठोकाठ भरली होती
आणि काटा शून्यापाशीच,
झोपेत कूस बदलावी एवढा हललेला.

"पाव वॉट," परकार म्हणाला. "उरलेले नव्व्याण्णव आणि पाऊण
तू उगाच हमाली करून आणलेस."

मी नॉब फिरवला. दुप्पट.
कानाला कळलं तर कळलं.
पुन्हा दुप्पट. "हं, आता जरा वाढला."
"जरा? पगार चौपट झाला
आणि हा म्हणतो जरा."

तेवढ्यात तबल्यावर थाप पडली.
काटा उसळून बारावर गेला
आणि खाली येऊन बसला, आपण त्यातले नाहीच असा.
"ह्याला लागतात," परकार म्हणाला,
"पापणी लवेस्तोवर. नसले
तर थापेचं डोकं उडतं."

हे जुलैतलं. खिडकीतला एसी
तेव्हा गळा काढून ओरडत होता,
आणि आमचा सगळा हिशोब
त्याच्याशी भांडण्याचा होता
हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

जानेवारीत एका रात्री गारठा पडला.
नऊ महिन्यांनी एसी बंद केला,
सवयीने बटण दाबलं
आणि सतार अंगावरच आली.
नॉब खाली आणला. अजून खाली.
पार्टिशनच्या पलीकडे
पहाटे तीनच्या पाळीचा दिलबहादुर झोपला होता,
त्याचा श्वास ऐकू येत होता, मधेच शिट्टी.
त्या श्वासाच्या खाली मावेल
एवढीच सतार ठेवली.

काटा पाहिला. मेल्यासारखा पडलेला.
परकारला फोन करावासा वाटला,
किती असेल रे हे?
वॉटचा शंभरावा भाग? हजारावा?

नाही केला.
मीटर घेऊन तो लगेच आला असता, चार जिने चढून,
आणि त्याचा खोकला
दहा वॉटच्या खाली नसतो.